सोंगाड्याची कोरी वही

तमाशाच्या फडाचा ट्रक गावाच्या वेशीत थांबला, म्हणजे त्यातून उतरणारे सामान पाहण्यासारखे असते. कनाती, खांब, पडदे, दिवे, ध्वनिक्षेपकांचे डबे, कापडांनी गच्च भरलेल्या लोखंडी पेट्या. नर्तकींच्या पेट्यांना दोन माणसे लागतात. राजाच्या पेटीत जरीचा अंगरखा आणि मुकुट असतो. ढोलकीवाला आपले वाद्य दुसऱ्याच्या हाती देत नाही. ते तो स्वतःच पोटाशी धरून उतरतो. या गडबडीत एक मध्यमवयीन गृहस्थ हातात लहानशी पेटी घेऊन खाली येतो. तीत एक विटका कोट, एक वेडीवाकडी टोपी, एखादी काठी आणि चेहऱ्याला फासावयाच्या रंगाची डबी, एवढाच ऐवज. नाटकाची वही म्हणाल तर तीही नाही. वाचकहो, हाच फडाचा सोंगाड्या. रात्री हजारो माणसे जे ऐकण्यासाठी थंडीत बसणार आहेत, त्यातील बराच भाग त्याला स्वतःलाही अजून ठाऊक नसतो.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करणे इष्ट ठरेल. तमाशा म्हणजे केवळ लावणी, असा एक समज चित्रपटांनी पसरविला आहे. वस्तुतः परंपरागत तमाशाचा क्रम ठरलेला असे. प्रथम ढोलकी आणि हलगी यांची जुगलबंदी, मग गणपतीला आळविणारा गण, मग गवळण, त्यानंतर बतावणी, लावण्या आणि अखेरीस वग. यांपैकी गण आणि लावणी पाठ असतात. तेथे कवीचा शब्द प्रमाण. पण मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींना कृष्ण आणि पेंद्या वाट अडवितात, आणि लुगडे नेसलेला पुरुष ‘मावशी’ होऊन त्यांच्याशी हुज्जत घालतो, तेथून पुढे लिखित शब्दाचे राज्य संपते. बतावणीत तर कथानकही नसते. सरदार नावाचे शहाणे पात्र प्रश्न विचारते आणि सोंगाड्या उत्तरे देतो, एवढेच. वगाला गोष्ट असते, परंतु तिचाही केवळ सांगाडा ठरलेला. राजा केव्हा रागावणार, प्रधान कोणते कारस्थान रचणार, कोणत्या प्रसंगानंतर कोणते गाणे येणार, हे पात्रांना माहीत असते. भाषण ज्याने त्याने आयत्या वेळी करावयाचे. १८६५ साली उमा-बाबू सावळजकर यांनी रचलेला ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो. तेव्हापासून ही चाल आहे.

हे केवळ तमाशाचेच वैशिष्ट्य आहे, असे मात्र नाही. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हा पदे सूत्रधाराने म्हणावी आणि पात्रांनी त्या अनुरोधाने स्वयंस्फूर्त भाषणे करावी, असाच रिवाज होता. कोकणातील दशावतारी मंडळी आजही रात्रभराचे आख्यान संहितेवाचून उभे करतात. गुजरातच्या भवाईत रंगलो आहे, काश्मीरच्या भांड पाथरात मसखरा आहे, यक्षगानात हास्यगार आहे. केरळच्या कूडियाट्टमातील विदूषकाला तर समोर बसलेल्या थोरामोठ्यांनाही टोचून बोलण्याची मुभा होती. आपण ज्या प्रांतात राहत असाल, तेथील जत्रेत या घराण्याचा एखादा वंशज आपणांस खचित भेटला असेल.

आता त्याचा दिवस पाहू. मागील रात्रीचा खेळ पहाटेपर्यंत चाललेला असतो. सामान आवरून ट्रक पुढच्या गावाला निघतो, आणि झोप मिळते ती पेट्यांवर पथारी टाकून, रस्त्याच्या खड्ड्यांनी जेवढी मिळू दिली तेवढीच. गावात जत्रा असेल तर सकाळी देवापुढे ‘हजेरी’ द्यावी लागते. तीत रात्रीचा थाट नसतो. उन्हात, चार वाद्यांच्या साथीने सेवा रुजू करावयाची. त्यानंतर फडाच्या सामाईक चुलीवरील भाकरी-कालवण खाऊन इतर कलावंत सावली पाहून आडवे होतात. सोंगाड्या मात्र टोपी डोक्यावर ठेवून गावात निघतो. पाहणाऱ्याला वाटावे, गृहस्थ उगाच भटकतो आहे. पण हीच त्याची तालीम होय. तो चहाच्या टपरीवर बसतो, न्हाव्याच्या दुकानात दाढी करून घेतो, कुस्तीच्या आखाड्याभोवती रेंगाळतो. ग्रामपंचायतीत कोण पडले, पाण्याची टाकी बांधून होऊनही नळाला पाणी का येत नाही, कोणाच्या लग्नात जेवण कमी पडले, हे सारे तो कानावर घेतो. काही टिपून ठेवीत नाही. संध्याकाळी तोंडाला रंग लावताना सरदाराला एवढेच सांगतो, ‘आज टाकीवर जरा थांब.’ सरदार समजतो. अनेक वर्षे एकमेकांसमोर उभे राहिलेल्या या जोडीला त्याहून अधिक बोलावे लागत नाही.

बतावणी चालते कशी, याची कल्पना यावी म्हणून नमुन्यादाखल रचलेला हा तुकडा पाहा:

‘काय रे, करतोस काय तू?’
‘म्या? मोठ्या हुद्द्यावर हाय जी.’
‘असं? कोणत्या हुद्द्यावर?’
‘तलाठ्याच्या वर.’
‘तलाठ्याच्या वर म्हणजे, मामलेदार की काय?’
‘न्हाय जी. तलाठ्याच्या हापिसाच्या माडीवर निजतो.’
‘हात् मूर्खा! आणि तिथं करतोस काय?’
‘गावच्या टाकीवर ध्यान ठिवतो. पाणी आलंच तर पळून जाऊ नये म्हून!’

यातील पहिली सहा वाक्ये कोणत्याही गावी चालतील. ती सोंगाड्याच्या शिदोरीतील आहेत. शेवटचे त्या गावाचे, त्या रात्रीचे. ते ऐकून लोक का खदखदले, हे शेजारच्या गावाला समजावयाचे नाही. पूर्णपणे शून्यातून कोणी बोलत नाही. प्रश्नाचा मुद्दाम चुकीचा अर्थ घेणे, एकच शब्द तीनदा घोळविणे, रागावल्याचे सोंग करून विषय फिरविणे, असे शेकडो डाव सोंगाड्याच्या अंगवळणी पडलेले असतात. त्यांत आजचा मजकूर भरावयाचा. गवई रागाच्या स्वरांत रोज नवी तान घेतो, त्यासारखेच हे. आणि जोडीदाराने टाकलेला शब्द कधी खाली पडू द्यावयाचा नाही, हा पहिला नियम. सरदाराने ‘तू चोर आहेस’ म्हटले की ‘मी चोर नाही’ म्हणणारा सोंगाड्या कच्चा. पक्का सोंगाड्या म्हणतो, ‘व्हय जी, पर तुमच्याच हाताखाली शिकलो.’

शिकागो शहरात १९५९ साली ‘सेकंड सिटी’ नावाची नाट्यसंस्था निघाली. तिच्या संस्थापकांपैकी पॉल सिल्स यांच्या मातोश्री व्हायोला स्पोलिन यांनी मुलांच्या खेळांतून आयत्या वेळच्या अभिनयाचे शिक्षण बसविले आणि १९६३ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्या परंपरेतील नट ‘होय, आणि’ हे दोन शब्द मंत्रासारखे जपतात: समोरच्याचे म्हणणे आधी मान्य करा, मग त्यात भर घाला. मुंबई-पुण्यातही हौशी तरुण मंडळी आता असे प्रयोग करतात, प्रेक्षकांकडून एखादा शब्द मागून घेतात आणि त्यावर प्रसंग उभा करतात. आमच्या सोंगाड्याला या मंत्राचे नाव माहीत नाही. त्याला प्रेक्षकांकडून शब्द मागावाही लागत नाही. मूल रडू लागले की तो त्याच्याकडे वळून म्हणतो, ‘उगी रं बाळा, तिकिटाचं पैसं तुझ्या बापानं दिल्यात. रडायचं तर त्यानं!’

पण या हजरजबाबीपणाची एक काळी बाजू आहे, ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तमाशातील कलावंत प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा, समाजाने दूर लोटलेल्या जातींतून आले. रात्री बोर्डावर पाटलाची, सावकाराची, राजाचीही फजिती करणारा सोंगाड्या सकाळ झाली की त्याच गावाच्या कडेला, दिलेल्या जागी बसे. जीभ चालविण्याची मुभा त्याला होती. विहिरीवर जाण्याची नव्हती. थट्टा किती खोल न्यावयाची आणि कोठे स्वतःवरच ओढून घेऊन हशा पिकवावयाचा, हे त्याला पोट आणि पाठ दोन्ही वाचविण्यासाठी शिकावे लागले. या जिभेचे मोल चळवळींनी मात्र ओळखले. सत्यशोधकांचे जलसे, त्यानंतर भीमराव कर्डक यांच्यासारख्यांचे आंबेडकरी जलसे आणि १९४४ साली स्थापन झालेल्या लाल बावटा कलापथकातून अण्णाभाऊ साठे यांनी रंगविलेली लोकनाट्ये, या सर्वांत सोंगाड्या आहेच. फक्त त्याच्या वेडगळ प्रश्नांना तेथे नवी धार आली.

सरकारचा आणि सोंगाड्याचा संबंध हा एक स्वतंत्र विनोदी वगाचा विषय व्हावा. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली गेली, आणि अटींसह खेळ पुन्हा सुरू झाले. १९५४ पासून प्रयोगांच्या संहिता तपासणारे परिनिरीक्षण मंडळ आले. आता ज्याची संहिताच नाही, त्याने मंडळापुढे काय ठेवावे? वग लिहून काढणे भाग पडले. त्याचा एक लाभ असा झाला की काही वग कागदावर उतरले आणि टिकले. परंतु छापील वग आज वाचावयास घेतला तर पानेच्या पाने वाचूनही हसू येत नाही, आणि आपण लिहिणाऱ्याला दोष देतो. तो दोष त्याचा नव्हे. गाण्याचे नोटेशन वाचून कोणी डोलत नाही.

मावळातील इंदुरी गावचे दादू इंदुरीकर हे या कलेचे फार मोठे नाव. ‘गाढवाचं लग्न’ या वगातील त्यांचा सावळ्या कुंभार ज्यांनी पाहिला, ते सांगतात की हा वग कितीदाही पाहिला तरी तोच नसे. शापित गंधर्व गाढव होऊन कुंभाराच्या घरी येतो आणि राजकन्येला मागणी घालतो, एवढी ती गोष्ट; इंदुरीकर तिच्यात त्या दिवसाचे सारे जग आणीत. संगीत नाटक अकादमीने १९७३ साली त्यांचा पुरस्कार देऊन गौरव केला. शहरी रंगमंचावर हीच विद्या नेली ती दादा कोंडके यांनी. सेवादलाच्या कलापथकात तयार झालेल्या या नटाने वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या १९६५ च्या लोकनाट्यात हवालदार उभा केला. सबनीसांनी लिहिलेला मजकूर आणि दादांनी त्या दिवसाच्या वर्तमानपत्रातून उचललेला मजकूर यांची शीव कोठे होती, हे प्रेक्षकांना कळत नसे. एकच प्रयोग पुनःपुन्हा पाहण्यास लोक येत, ते त्यासाठीच. पुढे १९७१ साली त्यांनी काढलेल्या चित्रपटाचे नाव ‘सोंगाड्या’ असावे, हे योग्यच होते.

सर्वांच्या वाट्याला चित्रपट येत नाही. फडाचा हंगाम दसऱ्याला सुरू होतो आणि वैशाखात संपतो. पाडव्याच्या सुमारास पुणे जिल्ह्यातील नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा-पंच येऊन सुपारी ठरवितात. पावसाळ्याचे चार महिने हातात काम नसते. त्या काळात मुलांच्या शाळेला, घरच्या आजारपणाला फडमालकाकडून ‘उचल’ घ्यावयाची आणि ती पुढील हंगामात फेडावयाची, असा हा गाडा. फेडता फेडता नवी उचल होते. २०२० च्या मार्चमध्ये, ऐन यात्रांच्या तोंडावर, महामारीमुळे खेळ थांबले. पुढचा हंगामही तसाच गेला, आणि कित्येक कलावंतांना मोलमजुरी पत्करावी लागली.

दुसरा आघात अधिक सावकाश झाला आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास बंदी केली. सवलतीच्या रात्री सोडल्या तर वेळ अपुरा पडू लागला. झोपमोडीचा त्रास खरा आहे, त्याविषयी तक्रार नाही. पण वेळ कमी पडला की फड काय कापतो? चित्रपटगीतांवरील नाच कापता येत नाहीत; तरुण प्रेक्षक त्यांसाठीच तिकीट काढतात. कापला जातो तो वग, कारण तो शेवटी असतो, आणि बतावणी आखूड होते. दोन तासांचा मोकळा पट ज्याला हवा, त्याला पंधरा मिनिटे मिळतात. पंधरा मिनिटांत शिदोरीतली सहा वाक्ये होतात; टाकीपर्यंत पोहोचता येत नाही. नव्या मुलाला ही विद्या शिकविण्यास शाळाही नाही. तो विंगेत उभा राहून रोज ऐकतो, प्रथम शिपाई होतो, मग एके रात्री मुख्य सोंगाड्या तापाने पडला म्हणजे त्याला पुढे ढकलले जाते. ध्वनिमुद्रणे होतात, चांगलेच आहे. पण मुद्रणात एक रात्र सापडते. ती पाठ करून बोलणारा मुलगा दुसऱ्या गावी उघडा पडतो.

तरीही संध्याकाळी चारच्या सुमारास, कनाती उभ्या राहत असताना, आपल्याला तो दिसेल. टपरीच्या बाकड्यावर एक पाय वर घेऊन बसलेला, बशीतला चहा फुंकणारा. नवे गाव, नवी माणसे. बशी खाली ठेवून तो टपरीवाल्याला सहज विचारल्यासारखे विचारतो, ‘काय मालक, तुमच्या गावात समद्यांत चिक्कू माणूस कोण म्हणायचा?’

टपरीवाला इकडेतिकडे पाहतो, स्टोव्हची ज्योत बारीक करतो, आणि स्टूल पुढे ओढून बसतो.