खाडीचा तळ बदलला की तिसऱ्या कुठे जातात?

कोकणात खाडीकाठच्या कुठल्याही मोहल्ल्यात वडीलधाऱ्या बायकांशी बोला, एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. पूर्वी ओहोटीला तासाभरात पाटीभर तिसऱ्या निघायच्या, आता कंबर मोडेपर्यंत वाकलं तरी वाटीभर निघत नाहीत. कोणी म्हणतं काढणारे वाढले, कोणी म्हणतं कारखान्यांचं पाणी आलं, कोणी म्हणतं बरकतच गेली. काढणारे वाढले आणि पाणी बिघडलं, ही कारणं खरी असू शकतात. पण आणखी एक कारण अगदी पायाखाली असतं आणि त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. ते म्हणजे खाडीचा तळ. आज आपण तो समजून घेऊ.

आधी थोडं ओळखीचं. कोकणी मुस्लिम बहुतांशी शाफई मसलकाचे, त्यामुळे तिसऱ्या, मुळे, कालवं, शिनाणे हे सगळं त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलं आहे. घाटावरच्या हनफी घरांत मासळीखेरीज दर्यातलं दुसरं काही सहसा शिजत नाही, म्हणून तिकडच्या वाचकांसाठी सांगतो. तिसऱ्या म्हणजे वाळूत स्वतःला पुरून घेणारे दोन शिंपांचे छोटे जीव. कालवं खडकाला सिमेंट लावल्यासारखी कायमची चिकटतात. शिनाणे खडकाला मजबूत धाग्यांनी बांधून घेतात. यांना पाठीचा कणा नाही, आणि मोठेपणी ही मंडळी माशासारखी पोहून दुसरीकडे जाऊ शकत नाहीत. जिथे राहतात तिथला तळ हेच त्यांचं घर. घर बिघडलं की त्यांच्यापुढे दोनच गोष्टी उरतात, तग धरणं किंवा मरणं.

खडक, वाळू आणि चिखल

समुद्राचा तळ सगळीकडे सारखा नसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर जांभ्याचे आणि काळ्या कातळाचे खडक आहेत, नदीच्या मुखाशी वाळूचे पट्टे आहेत आणि खाडीच्या आतल्या शांत भागात गुडघाभर चिखल आहे. शास्त्रज्ञ कणाच्या आकारावरून फरक करतात. २ मिलिमीटरपासून ०.०६३ मिलिमीटरपर्यंतचा कण म्हणजे वाळू, त्याहून बारीक तो चिखल किंवा गाळ. फरक लहान वाटतो, पण तळात कोण राहणार हे ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो.

कण कुठे पडणार हे पाण्याचा वेग ठरवतो. जोराचा प्रवाह बारीक गाळ वाहून नेतो, मागे वाळू राहते. पाणी मंदावलं की बारीक कण खाली बसतात आणि त्यांच्यासोबत कुजलेली पानं, शेवाळ, मेलेले सूक्ष्म जीवही बसतात. म्हणजे वाळूच्या तळावर पाणी खेळतं असतं, आणि चिखलाच्या तळात खाद्य साठलेलं असतं.

जेवणाच्या पद्धतीही त्याप्रमाणे दोन. तिसऱ्या पाणी गाळून खातात. वाळूत पुरलेल्या अवस्थेत त्या दोन नळ्या वर काढतात. एका नळीने पाणी आत घेतात, त्यातले खाण्याजोगे कण कल्ल्यांवर अडवतात आणि दुसऱ्या नळीने पाणी बाहेर सोडतात. त्यांना वाहतं आणि फार गढूळ नसलेलं पाणी लागतं. याउलट चिखलातले बरेचसे किडे चिखलच गिळतात, त्यातलं पोषण काढून घेतात आणि उरलेला मागे टाकतात. त्यांना साठलेला, सकस चिखल हवा. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बझर्ड्स उपसागरात हॉवर्ड सँडर्स यांनी १९५८ साली हेच दाखवलं. वाळूत गाळून खाणारे जास्त, चिखलात चिखल खाणारे जास्त.

याच उपसागरात १९७० साली ऱ्होड्स आणि यंग या दोघांनी पुढची गोष्ट सांगितली. चिखल खाणारे जीव तळ सतत उकरत राहतात. त्यामुळे वरचा थर पेजेसारखा सैल होतो आणि जरा पाणी हललं की गढूळ होतो. अशा जागी गाळून खाणाऱ्यांचं पिल्लू येऊन बसलं तरी त्याच्या कल्ल्यांत गाळ भरतो आणि ते गुदमरतं. म्हणजे एकदा तळ चिखलाचा झाला की त्यातले नवे रहिवासी जुन्यांना परत येऊ देत नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे याचा संबंध येणार आहे.

श्वासाचा प्रश्न

खाडीत पाय रुतला की वरची तपकिरी साय फाटते आणि खालून काळा चिखल निघतो, कुजक्या अंड्याचा वास येतो. तो वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा. वाळूत कणांच्या फटींतून पाणी फिरतं, त्यामुळे ऑक्सिजन बराच खोल जातो. चिखलात फटी इतक्या बारीक असतात आणि कुजणारा माल इतका असतो, की ऑक्सिजन कित्येकदा काही मिलिमीटरांतच संपतो. त्याखाली राहायचं तर वरून हवा आणायची सोय हवी. खेकड्यांची बिळं आणि किड्यांच्या नळ्या हेच काम करतात. बिळातून पाणी खाली जातं, भोवतालचा चिखल श्वास घेतो आणि लहान जीवांना जागा होते. तळ जसा रहिवासी निवडतो तसे रहिवासीही तळ घडवतात.

काही जीव खास चिखलासाठीच बनलेले आहेत. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी बसवलेले पातळ, दुधी शिंपले अनेकांनी पाहिले असतील. हा जीव शांत उपसागरातल्या मऊ चिखलावर आडवा पडून राहतो. त्याची शिंप ताटासारखी चपटी, त्यामुळे वजन पसरतं आणि तो रुतत नाही. तिसरीची गोल, जड शिंप घेऊन असं मऊ चिखलावर राहता आलं नसतं.

पिल्लू जागा कशी निवडतं

मोठ्या तिसऱ्या आणि कालवं जागा सोडत नाहीत, पण त्यांची पिल्लं सुरुवातीला पाण्यात तरंगतात. डोळ्यांना न दिसणारी ही पिल्लं दोन-तीन आठवडे भरती-ओहोटीबरोबर फिरतात आणि मग तळ शोधतात. कालवाच्या पिल्लाला घट्ट आधार लागतो. खडक, धक्क्याचा खांब किंवा जुन्या कालवाची शिंप त्याला सगळ्यात आवडते. तिसरीचं पिल्लू वाळू मिळाली तर टिकतं. योग्य जागा मिळाली नाही तर काही जातींची पिल्लं बसणं थोडं लांबवतात, पण कायमचं नाही. म्हणून खाडीत मोठ्या तिसऱ्या शिल्लक असल्या, पिल्लं भरपूर झाली, तरी वाळूचा पट्टाच गेला असेल तर पुढची पिढी बसणार कुठे?

पावसाळ्याचा हिशेब

आपल्या खाड्यांचं एक वैशिष्ट्य आहे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी या नद्या सह्याद्रीतून निघून थोडक्या अंतरात समुद्राला मिळतात. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो. त्या काळात खाडीच्या वरच्या भागातलं पाणी जवळपास गोडं होतं आणि मातीचे लोंढे येतात. तिसऱ्या शिंप मिटून काही दिवस काढतात, पण सगळ्यांना ते जमत नाही. पावसाळा संपला, पाणी पुन्हा खारं झालं की वस्ती परत भरते. गोव्याच्या खाड्यांवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ए. एच. पारुळेकर आणि सहकाऱ्यांनी १९८० साली वर्षभराचा हा क्रम मांडला. पावसाळ्यात तळातले जीव घटतात, नंतर वाढतात.

दरवर्षीची ही पडझड खाडीला सोसते, कारण पाऊस गेल्यावर तळ बराचसा पहिल्यासारखा होतो. खरी अडचण तळच बदलतो तेव्हा येते.

गोव्याने काय पाहिलं

याचं आपल्या शेजारचं उदाहरण म्हणजे मांडवी आणि झुआरी. गोव्यात लोहखनिजाच्या खाणींतून निघालेली टाकाऊ माती पावसाबरोबर या नद्यांत येत राहिली. पारुळेकर, अन्सारी आणि इंगोले यांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. खाणीच्या मातीने तळावर थर चढवला, पाण्यातला गाळ वाढला, ऑक्सिजन कमी झाला आणि शिंपल्यांचे पट्टे मोठ्या प्रमाणावर नष्ट झाले, असं त्यांनी नोंदवलं. कायमच्या रहिवाशांच्या जागी काहीही सोसणारे मोजके फिरस्ते जीव उरले. मीठ कमी-जास्त होतं ते पुढच्या हंगामात सुधारतं, पण बसलेला गाळ तसा उठून जात नाही.

महाराष्ट्रात हीच गोष्ट वेगळ्या वाटेने घडू शकते. खाडीतून वाळू काढण्याच्या दोन पद्धती आपण बघतो. हातपाटीने बुडी मारून काढलेली वाळू आणि सक्शन पंपाने किंवा ड्रेजरने ओढलेली वाळू. पंप लागला की तळात खड्डा पडतो. खड्ड्यात पाणी मंदावतं, तिथे बारीक गाळ आणि कुजका पाला साठतो, ऑक्सिजन संपतो. वाळूच्या घराचं चिखलाचं घर होतं. वर सांगितलेला नियम इथे लागू पडतो. चिखल खाणारे किडे आले की तिसऱ्यांच्या पिल्लांना जागा राहत नाही. शिवाय उपशाने उडालेला गाळ शेजारच्या, न उकरलेल्या पट्ट्यावरही जाऊन बसतो.

बाहेर समुद्रात ट्रॉलचं जाळं असंच काम करतं. त्याचा जड दोर आणि फळ्या तळ घासत जातात. नळ्या बांधून राहणारे, हळू वाढणारे जीव आधी जातात. झटपट वाढणारे किडे आणि मेलेलं खाणारे मागे राहतात. मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत आपल्या अनेक कुटुंबांची रोजी बोटींवर आहे, त्यामुळे हे लिहिताना आम्हाला कोणाच्या पोटावर बोट ठेवायचं नाही. पण कोळंबी आणि तळाजवळचे कितीतरी मासे याच किड्या-शिंपल्यांवर जगतात. शंभरेक वर्षांपूर्वी डेन्मार्कच्या पीटरसन यांनी लोखंडी जबड्याने तळाचे नमुने काढायला सुरुवात केली तीही माशांना तळात खाद्य किती आहे ते मोजायलाच. तळ हा मासळीचा चाराच आहे.

मग करायचं काय?

केरळच्या अष्टमुडी सरोवरात आपल्या तिसऱ्यांच्याच कुळातल्या शिंपल्या निघतात. तिथे विणीच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, काढणी बंद ठेवतात आणि लहान शिंपली सुटून जावी म्हणून जाळ्याचं भोक ३० मिलिमीटरचं ठेवतात. २०१४ साली या मासेमारीला टिकाऊ मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं ते पहिलं. आपल्याकडेही गावाने ठरवलं तर एखादा पट्टा आलटून पालटून बंद ठेवता येईल. बाजारात अगदी बारीक तिसऱ्या न घेणं तर आजपासून जमेल. कालवांच्या रिकाम्या शिंपा जिथल्या तिथे राहू दिल्या तर पुढच्या पिल्लांना बसायला आधार राहतो. पण हे सगळं वाळूचा पट्टा जागेवर असेल तरच उपयोगाचं.

म्हणून आपल्या खाडीत वाळूचा लिलाव, जेटी किंवा गाळ काढण्याचं काम येणार असेल तर ग्रामसभेत किंवा जनसुनावणीत काही साधे प्रश्न विचारा. तळाचे नमुने घेतले का? किती जागी? कोणत्या महिन्यात? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ऑगस्टमध्ये एकदाच नमुना घेतला तर तळात जीव कमीच दिसणार आणि कागदावर लिहिलं जाईल की इथे काही नाही. तीच जागा मार्चमध्ये बघितली तर तिसऱ्यांनी भरलेली असू शकते. पावसाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजणी मागा. काढलेला गाळ कुठे टाकणार तेही विचारा.

आणि या मोजणीच्या वेळी ज्या बायका वर्षानुवर्षं ओहोटीला खाडीत उतरतात त्यांना सोबत घ्यायला सांगा. कोणत्या पट्ट्यात वाळू होती, कुठे चिखल चढला, कोणत्या साली तिसऱ्या कमी झाल्या, हे त्यांना तोंडपाठ असतं. अहवालात त्यांचं म्हणणं लिहिलं गेलं पाहिजे.