रात्री तीन वाजता चावी कोण देणार?

मुलांनो, कापूस वेचणीचे दिवस आठवा. शाळा सुटते, धावत घरी यावं तर दाराला कुलूप! आई अजून वावरातच. मग चावी कुठं असते? पायपुसण्याखाली, नाहीतर शेजारच्या आजीकडे. हाच पेच मोठमोठ्या कॉम्प्युटरनाही पडतो, बरं का!

दवाखान्यात, बँकेत ज्या कॉम्प्युटरवर सगळ्यांची माहिती साठवतात त्याला सर्व्हर म्हणतात. माहिती असते त्याच्या पोटातल्या डिस्कवर. चोराने ती डिस्कच काढून नेली तर तुमच्या आजोबांचे रिपोर्ट तो आरामात वाचेल. म्हणून डिस्कवरचं सारं गुप्त लिपीत ठेवतात. सर्व्हर सुरू होताना आधी पासवर्ड मागतो. मिळाला तरच डिस्क वाचता येते.

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात वीज जाण्याचं कुणाला नवल नाही. अहो, १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी खुद्द मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या! समजा, एका लहान दवाखान्यात रात्री दोनला वीज गेली, बॅटरीही संपली. तीनला वीज आली. सर्व्हर जागा झाला, पासवर्ड मागू लागला, आणि तो माहीत असलेले साहेब घरी गाढ झोपेत! तातडीचा पेशंट दारात, त्याची जुनी माहिती कुलपात.

मग पासवर्ड त्याच डिस्कच्या एका कोपऱ्यात उघडा लिहून ठेवावा? ती तर पायपुसण्याखालची चावी झाली. टीपीएम नावाची एक चिप असते, ती चावी सांभाळते. नुसती डिस्क चोरून मग उपयोग नाही. पण चोराने अख्खा सर्व्हरच उचलला तर? तो चोराच्या घरीही सुरू होताना आपलं कुलूप आपणच उघडू शकतो.

मला आवडते ती शेजारची आजी. तिचं नाव टँग. रेड हॅट कंपनीने २०१७ साली आपल्या लिनक्समध्ये ही सोय दिली. टँग हा त्याच नेटवर्कवरचा दुसरा कॉम्प्युटर. गंमत अशी की आजीकडे चावी नसतेच! समजा, माझ्याजवळ १२ हा आकडा आहे, आजीच्या मनात ७. कुलपाचा आकडा ८४, पण तो कुठंच लिहिलेला नाही. मी १२ सांगतो, आजी सातने गुणते, कुलूप उघडतं. खरी यंत्रं तर १२ मध्ये भलताच आकडा मिसळून पाठवतात आणि उत्तरातून त्याचा हिस्सा वजा करतात. त्यामुळे ८४ आजीलाही कळत नाही. तिथले आकडे दीडशेहून जास्त अंकी असतात, तेव्हा अंदाजाने ओळखायची सोय नाही. सर्व्हर चोरून दुसऱ्या गावी नेला की तिथं आजी नाही, कुलूप तसंच.

वर्गात हे सांगितलं तर मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "पण सर, आजीच गावाले गेली असली तं?"

बिनतोड प्रश्न! म्हणून दोन आज्या ठेवतात, वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या बॅटरीवर. दोघींपैकी एक भेटली तरी पुरे. आजीला मात्र स्वतःच्या डिस्कला पासवर्ड लावून चालत नाही, नाहीतर तीही साहेबांची वाट बघत बसेल! म्हणून तिची खोली पक्की बंद ठेवावी लागते. आणि दोघीही भेटल्या नाहीत तर? एक पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवलेला असतो. त्या कपाटाची चावी साहेबांच्या खिशात.