फक्त ८ फोटोंवरून उभा राहिला महायुद्धातला कम्प्युटर! जुन्या कम्प्युटरच्या म्युझियममध्ये स्वयंसेवक नेमकं काय करतात?

जुना मोबाइल बंद पडला की आपण तो कपाटाच्या खणात टाकतो आणि विसरून जातो. पण एखादा कम्प्युटर पुन्हा उभा करायचाय, त्याचे आराखडे जाळून टाकलेत आणि तो बनवणारा माणूस नव्वदीकडे झुकलाय, तर काय करणार?

इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कमध्ये १९९३ साली नेमका हाच प्रश्न होता.

कोलोसस म्हणजे काय?

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याचे गुप्त संदेश फोडायला मदत व्हावी म्हणून टॉमी फ्लॉवर्स या टेलिफोन खात्यातल्या इंजिनीअरने 'कोलोसस' बनवला. पहिलं यंत्र १९४४ च्या सुरुवातीला कामाला लागलं. कागदी पट्टीवरची ५,००० अक्षरं ते एका सेकंदात वाचायचं. युद्धानंतर गुप्ततेसाठी बहुतेक यंत्रं मोडण्यात आली. फ्लॉवर्स यांनी तर वरून आदेश आल्यावर आराखडे स्वतःच्या हाताने जाळले.

मग ते पुन्हा कसं बनलं?

टोनी सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती होते १९४५ मधले ८ फोटो आणि काही इंजिनीअरांनी नियम मोडून जपलेले सर्किटच्या आकृत्यांचे तुकडे. बंद झालेल्या टेलिफोन एक्स्चेंजमधून त्यांनी सुटे भाग गोळा केले. पण पट्टी वाचणाऱ्या भागाचं कोडं सुटलं ते त्याचे मूळ रचनाकार अरनॉल्ड लिंच मदतीला आले तेव्हाच.

१९९६ मध्ये यंत्र सुरू झालं, तेव्हा फ्लॉवर्स तिथे हजर होते. दोनच वर्षांनी त्यांचं निधन झालं. म्हणजे काम थोडं लांबलं असतं, तर बनवणाऱ्याला ते पाहताही आलं नसतं!

रोजचं काम काय असतं?

हा कोलोसस आज ब्लेचली पार्कच्याच परिसरातल्या 'नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग'मध्ये चालू स्थितीत आहे. तिथेच 'विच' नावाचं १९५१ सालचं अडीच टनांचं यंत्रही आहे. स्वयंसेवकांनी तीन वर्षं खपून २०१२ मध्ये ते पुन्हा सुरू केलं. यात नव्याने काही घडवलेलं नाही, हे मूळ यंत्रच आहे. त्याच्या काचेच्या नळ्यांमध्ये प्रत्येक आकडा उजेडाच्या ठिपक्याने दिसतो. त्यामुळे कम्प्युटर आकडे लक्षात कसे ठेवतो, हे शाळेतल्या मुलांनाही डोळ्यांनी पाहता येतं.

अशी यंत्रं थेट प्लग लावून सुरू करत नाहीत. वर्षानुवर्षं बंद असलेले कपॅसिटर एकदम पूर्ण व्होल्टेज मिळालं तर फुटू शकतात. म्हणून वीज हळूहळू वाढवत नेतात. व्हॉल्व्ह बऱ्याचदा चालू-बंद करतानाच जातात. त्यामुळे कोलोसस शक्यतो बंदच करायचा नाही, हे फ्लॉवर्स यांनी युद्धकाळातच ओळखलं होतं. शिवाय कुठला भाग जुना, कुठला बदलला, याची नोंद ठेवावी लागते.

त्यासाठी इंजिनीअरच असावं लागतं का?

नाही! पाहुण्यांना यंत्र समजावून सांगणं, मॅन्युअल स्कॅन करणं, फ्लॉपी आणि टेपवरचा मजकूर खराब होण्याआधी उतरवून घेणं, ही कामंही तितकीच महत्त्वाची आहेत. अमेरिकेत माउंटन व्ह्यू इथल्या 'कम्प्युटर हिस्टरी म्युझियम'मध्येही 'आयबीएम १४०१' हे पंच कार्डवर चालणारं यंत्र स्वयंसेवकांनीच दुरुस्त केलंय. त्यांच्यातले अनेक जण आयबीएमचे निवृत्त कर्मचारी. आवाजावरून बिघाड ओळखायची त्यांची सवय कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडत नाही. म्हणून त्यांच्या शेजारी उभं राहून शिकणारा तरुण स्वयंसेवक गरजेचा असतो.

आपल्याशी याचा काय संबंध?

मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा भारतात बनलेला कम्प्युटर पूर्ण झाला. तेव्हा पंचविशीत असलेला माणूस आज नव्वदीत असेल. तुमच्या घरात, इमारतीत कुणी आजोबा किंवा आजी बँकेत, विमा कंपनीत पंच कार्डांवर काम करत असतील, तर ते काम कसं चालायचं हे त्यांना विचारा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. जुने सुटे भाग एक वेळ भंगारात मिळतील, त्यांची आठवण मिळणार नाही.