अणुगर्भातील आठ रुपयांची मोड

अणुगर्भाने एखादा न्यूट्रॉन गिळला, की तो जादा ऊर्जा गॅमा किरणांच्या रूपाने बाहेर टाकून शांत होतो. येथवर कोणाचा वाद नाही. पण किरण किती, आणि प्रत्येकाच्या वाट्याला ऊर्जा किती, हे विचारले की पंचाईत सुरू होते.

ही पंचाईत केवळ पंडिती नव्हे. जपानात कामिओका येथे डोंगराच्या पोटात ‘सुपर-कामिओकांडे’ ही ५०,००० टन पाण्याची टाकी आहे. प्रतिन्यूट्रिनो पाण्यातील प्रोटॉनवर आदळला, की न्यूट्रॉन सुटतो. त्याची चाहूल नीट लागावी म्हणून २०२० साली त्या पाण्यात गॅडोलिनियमचे लवण मिसळले. नुसत्या पाण्यात हायड्रोजन न्यूट्रॉन पकडतो व २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एकच क्षीण किरण देतो. गॅडोलिनियम एकूण सुमारे ८ दशलक्ष देतो. आपण त्यांना सोयीसाठी ८ रुपये म्हणू.

बेरीज ठरलेली, मोड मात्र दर वेळी निराळी. कधी दोन मोठी नाणी, कधी नुसती चिल्लर. आणि टाकीच्या डोळ्यांना चिल्लर दिसतच नाही! किरणाने ढकललेला इलेक्ट्रॉन पाण्यातील प्रकाशाहून वेगाने धावला, तरच तेथे निळसर उजेड पडतो. दुबळ्या किरणाच्या अंगी तेवढा धक्का नसतो. म्हणून मोडीचा हिशेब चुकला, तर किती न्यूट्रॉन नजरेतून निसटले याचा अंदाजही चुकतो.

हा हिशेब मांडायचा कसा? ऊर्जेच्या खालच्या पायऱ्या प्रयोगाने एकेक मोजलेल्या आहेत. वर मात्र पायऱ्यांची इतकी दाटी, की मोजणी अशक्य. या दाटीचे गणित बेथे यांनी १९३६ साली दिले. कोणती उडी किती संभवनीय, यासाठी ब्रिंक यांच्या १९५५ च्या प्रबंधातील कल्पनेचा आधार घेतात: थंड अणुगर्भ गॅमा किरण ज्या रीतीने शोषतो, तीच रीत तापलेल्यालाही लागू धरावी. आम्हांस ही कल्पना धाडसाची वाटते, आणि ती सर्वत्र तंतोतंत उतरतेच असे नाही. मग संगणक फासे टाकतो. प्रत्येक पायरीवर एक दान, तळ गाठेपर्यंत. असे असंख्य डाव मांडले, की सरासरी दिसू लागते: गॅडोलिनियमच्या एका डावात साधारण ४ किरण.

फासे मात्र खरे हवेत. १९८४ साली डार्मश्टाट येथे गॅडोलिनियम-१५६ मध्ये एक नवेच आंदोलन आढळले. प्रोटॉनांचा व न्यूट्रॉनांचा समूह कात्रीच्या दोन पात्यांप्रमाणे उघडझाप करीत होते! अशाने ३ रुपयांच्या आसपासचे किरण वाढतात. टाकीतील गॅडोलिनियम-१५५ न्यूट्रॉन गिळून जो अणुगर्भ बनतो, तो हाच. पुढे लॉस अ‍ॅलमॉस येथे अशा किरणमालिका मोजल्या, तेव्हाही ही कात्री गणितात धरल्याशिवाय मोड जुळेना.