टक्क्यांपलीकडचं इंजिनिअरिंग

मैत्रिणींनो, बारावीत टक्के कमी पडले की इंजिनिअरिंगचं दार बंद, असं आपण धरूनच चालतो. पण जरा नर्मदाकाठी डोकावून पाहा!

नंदुरबार जिल्ह्यातलं मणिबेली १९९३ साली सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाऊ लागलं. या काठच्या आदिवासी मुलांसाठी नर्मदा बचाव आंदोलनाने १९९१-९२पासून जीवनशाळा काढल्या. त्याच डोंगरात, धडगाव तालुक्यात बिलगाव आहे. तिथे केरळातले दोन तरुण इंजिनिअर, अनिल आणि मधू, आले. गावकऱ्यांनी श्रमदानाने बंधारा घातला, पाट काढला. पाटाचं पाणी पाइपातून जोरात खाली सोडायचं, त्याने चक्र फिरायचं, चक्रावर जनित्र! २००३ साली १५ किलोवॉट वीज झाली. शाळेत अन् घरांत दिवे लागले. २००६ साली पाण्यानेच ते सारं नेलं. पण ओढ्याच्या पाण्यावर दिवा लागतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलं. कुठल्या पुस्तकात मिळेल हा धडा?

आपल्या मुलांनाही आडवाटा आहेत, बरं का! दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दोन वर्षांचा आयटीआय केला, तर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं.

तेव्हा लेकीने मिक्सर उघडून ठेवला, तर ओरडू नका. प्लग काढलाय ना, एवढं बघा, आणि घटकाभर शेजारी बसा.