गोड्या पाण्याच्या ओढ्याकाठी

ह्यूस्टनला किंवा ऑस्टिनला मुलाकडे गेलेल्या मराठी आईवडिलांना एकदा तरी सॅन अँटोनिओची सहल घडते. अलामो या १८३६च्या लढाईच्या गढीसमोर फोटो निघतो, आणि परतीच्या वाटेवर गाडीत इतिहासाचं एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: इथे अमेरिकन लोक मेक्सिकनांशी लढले आणि टेक्सास स्वतंत्र झालं. हेच वाक्य चित्रपटांत असतं, पर्यटनाच्या पुस्तिकांत असतं आणि शिकलेल्या माणसांच्या तोंडीही असतं. ते सोपं आहे आणि चुकीचं आहे. किती चुकीचं, हे पाहायला अलामोची गरज नाही. तिथून दक्षिणेला, मेक्सिकोच्या आखाताजवळ आग्वा दुल्से नावाचा ओढा आहे. नावाचा अर्थ गोडं पाणी. २ मार्च १८३६ रोजी त्याच्या काठी जेमतेम पंचवीस बंडखोर आणि मेक्सिकोचं थोडं घोडदळ यांच्यात चकमक झाली. तीत कोण कोणाच्या बाजूने होतं एवढं पाहिलं, तरी ते वाक्य पुन्हा उच्चारवत नाही.

बंडखोरांचा म्होरक्या होता डॉ. जेम्स ग्रँट. तो ना अमेरिकन होता, ना टेक्सासचा जुना रहिवासी. जन्माने स्कॉटिश असलेल्या ग्रँटने मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं होतं. टेक्सास तेव्हा ज्या जोडराज्याचा भाग होतं, त्या कोआविला-टेक्सासच्या विधिमंडळाचा तो सभासद होता, आणि त्याची मोठी जमीनदारी दक्षिणेत, कोआविलातल्या पार्रास इथे होती. मेक्सिकोची १८२४ची राज्यघटना संघराज्याची होती. राष्ट्राध्यक्ष सांता आनाच्या राजवटीने ती मोडून सगळी सत्ता राजधानीत एकवटायला घेतली, तेव्हा देशातल्या अनेक प्रांतांत विरोध उठला. झाकातेकासने बंड केलं आणि मे १८३५ मध्ये ते चिरडलं गेलं. टेक्सासचं बंड त्याच मालिकेतलं होतं. ग्रँटला मातामोरोस हे बंदर घ्यायचं होतं आणि उत्तर मेक्सिकोतल्या संघराज्यवाद्यांना सोबत घेऊन सांता आनाविरुद्ध उठायचं होतं. पार्रासची मालमत्ता परत मिळवण्याचा स्वार्थही त्यात होताच. मोहिमेसाठी घोडे लागणार, म्हणून तो कुरणांतून घोडे धरत हिंडत होता.

त्याच्या शेजारी घोड्यावर होता प्लासिदो बेनाविदेस: जन्म तामाउलिपासमधल्या रेनोसाचा, भाषा स्पॅनिश, व्हिक्टोरिया गावाचा माजी आल्काल्दे, म्हणजे नगरप्रमुख. ते गाव वसवणाऱ्या मार्तिन दे लेओनचा हा जावई. डिसेंबर १८३५ मध्ये बंडखोरांनी सॅन अँटोनिओ जिंकलं, तेव्हा तो त्यांच्या बाजूने लढला होता. मेक्सिकनांविरुद्धचं म्हणवल्या जाणाऱ्या युद्धात तो नावापुरता नव्हता, आघाडीवर होता.

आता समोरची बाजू. सेनापती होसे दे उर्रेआ हा व्यावसायिक सैनिक. त्याच्या फौजेत युकातानहून आणलेले माया शिपाई होते. आयुष्यभर उष्ण प्रदेशात राहिलेली ही माणसं फेब्रुवारीतल्या उत्तरेच्या गार वाऱ्यात आणि पावसात चालत होती. २५ फेब्रुवारीच्या सुमारास त्यांतले सहाजण थंडीनेच मेले. या लढ्यात मेक्सिकन म्हणून ज्यांची मोजदाद होते, त्यांत हेही येतात. २७ तारखेच्या पहाटे उर्रेआने सान पात्रिसिओ या गावी ग्रँटचा सहकारी फ्रँक जॉन्सन याच्या तुकडीवर अचानक छापा घातला. जॉन्सन आणि आणखी चौघे निसटले, बाकीचे मारले किंवा पकडले गेले. आणि हे गाव कुणाचं? मेक्सिको सरकारकडून जमिनी मिळालेल्या कॅथलिक आयरिश कुटुंबांचं. जवळच्या ठाण्यावरच्या मेक्सिकन शिबंदीशी त्यांचं बरं जमत असे. नोव्हेंबर १८३५ मध्ये बंडखोर त्या ठाण्यावर चालून गेले, तेव्हा काही आयरिश वसाहतकार मेक्सिकन सैनिकांच्या बाजूने उभे राहिले. उर्रेआच्या दिमतीला कार्लोस दे ला गार्सा हा टेक्सासमधलाच माणूस आपले स्वार घेऊन आला होता.

म्हणजे एका बाजूला स्कॉटिश जमीनदार, तेहानो (टेक्सासचा स्पॅनिशभाषक रहिवासी) नगरप्रमुख आणि अमेरिकेतून आलेले बंदूकधारी. दुसऱ्या बाजूला मेक्सिकन घोडदळ, माया शिपाई आणि टेक्सासचे स्थानिक स्वार. आणि मधल्या गावात दोन्हीकडे विभागलेले आयरिश. याला दोन राष्ट्रांची लढाई कशी म्हणायची? हे मेक्सिकोतलं यादवी युद्ध होतं आणि पुढे त्याचं स्वातंत्र्ययुद्ध झालं. एवढी पायरी गाळली की बेनाविदेससारखी माणसं इतिहासातून आपोआप पुसली जातात. त्या चुकीच्या वाक्याची खरी हानी हीच आहे.

प्रत्यक्ष चकमक थोडक्यात झाली. घोड्यांचा मोठा कळप हाकत ग्रँटची माणसं उत्तरेकडे येत होती. ग्रँट, बेनाविदेस आणि तुकडीतला रूबेन ब्राउन हे तिघे बरेच पुढे होते. ते गेल्यावर झाडीत दबा धरून बसलेले उर्रेआचे स्वार मागच्या कळपावर तुटून पडले. तिघांना निसटता आलं असतं. बेनाविदेस मागे वळू लागला, तेव्हा ग्रँटने त्याला गोलियादकडे, तिथल्या बंडखोर फौजेच्या कर्नल फॅनिनला सावध करायला पिटाळलं आणि स्वतः ब्राउनसह आपल्या माणसांकडे दौडला. कळप उधळला होता, माणसं वेढली गेली होती. दोघांचा काही मैल पाठलाग झाला. ग्रँट भाल्यांनी मारला गेला. ब्राउनला फास टाकून घोड्यावरून खाली ओढलं. तो वाचला, आणि चकमकीची आतून सांगितलेली हकीकत त्याच्यामुळेच मिळते. मृतांचा आकडा कुठे वाचला तर तो कुणाचा, हे आधी पाहावं. उर्रेआच्या रोजनिशीत ग्रँटसह चाळीसच्या आसपास माणसं पडल्याचं लिहिलं आहे, पण तेवढी माणसं तुकडीत नव्हतीच. टेक्सासच्या बाजूच्या हकीकतींवरून सुमारे डझनभर मेले, सहा पकडले गेले आणि सहा निसटले असं दिसतं. निसटलेल्यांपैकी बहुतेक पुढे २७ मार्चला गोलियादला झालेल्या कैद्यांच्या कत्तलीत सापडले.

दुसरा गैरसमज तारखेचा. २ मार्च १८३६ रोजीच वॉशिंग्टन-ऑन-द-ब्रॅझोस इथे टेक्सासच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला. त्यामुळे हे वीर स्वातंत्र्यदिनी स्वातंत्र्यासाठी पडले, असं मोठ्या हौसेने लिहिलं जातं. जाहीरनाम्याची बातमी शेकडो मैलांवरच्या त्या ओढ्याकाठी पोहोचणं शक्यच नव्हतं. ग्रँट मेला तो मेक्सिकोच्या जुन्या घटनेसाठी आणि स्वतःच्या जमिनीसाठी. बेनाविदेसला ती बातमी नंतर कळली आणि ती त्याला मानवली नाही. सांता आनाशी लढायला तो तयार होता, मेक्सिकोपासून तुटायला नव्हता. त्याने लढ्यातून अंग काढून घेतलं. पण विजयानंतर हे बारकावे ऐकायला कुणाला सवड नव्हती. बंडाला घोडे, गुरं आणि माणसं पुरवलेल्या दे लेओन आणि बेनाविदेस कुटुंबांना मेक्सिकन म्हणून व्हिक्टोरियातून हाकलण्यात आलं. ग्रँटने ज्याच्यावर भिस्त ठेवली, तो माणूस १८३७ मध्ये लुइझियानातल्या ओपलूसास इथे, परमुलखात वारला.

दबा धरून घातलेला छापा म्हणजे दुबळ्यांचं हत्यार, ही आणखी एक समजूत. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाच्या मनात ती पक्की असते. इथे दबा धरला सरकारी फौजेने आणि सापडले बंडखोर. मातामोरोसकडून ग्रँटच्या बेतांची खबर उर्रेआला मिळाली होती. बंडखोरांकडे मात्र पहाऱ्याची धड शिस्तही नव्हती.

ही लढाई टेक्सासच्या भूमीवर झाली, असंही सर्रास लिहिलं जातं. आजच्या नकाशावर ते खरं आहे. पण मेक्सिकोच्या कारभारात टेक्सासची दक्षिण सीमा न्युएसेस नदी होती आणि आग्वा दुल्से तिच्या पलीकडे, म्हणजे तामाउलिपास प्रांतात येतो. न्युएसेस आणि रिओ ग्रांदे यांमधल्या याच पट्ट्यावर टेक्सासने हक्क सांगितला, आणि त्याच पट्ट्यात एप्रिल १८४६ मध्ये उडालेल्या चकमकीतून अमेरिका-मेक्सिको युद्ध पेटलं.

उर्रेआ कसाई होता, असंही म्हणतात. रेफ्युजिओ या गावाजवळ पकडलेल्यांपैकी काहींना गोळ्या घालू दिल्या हे त्याने स्वतःच नोंदवलं आहे, तेव्हा त्याला धुतल्या तांदळासारखं ठरवायचं कारण नाही. पण सान पात्रिसिओचे कैदी त्याने मातामोरोसला धाडले, आणि फॅनिनच्या शरण आलेल्या माणसांसाठी सांता आनाकडे दयेची विनंती केली. हत्यार उचललेल्या परकीयांना चाचे समजा, असा सरकारचा ३० डिसेंबर १८३५ चा हुकूम होता. त्याच्या जोरावर सांता आनाने गोलियादच्या अधिकाऱ्याला थेट आज्ञा पाठवली आणि सुमारे साडेतीनशे कैदी मारले गेले. काही वर्षांतच हाच उर्रेआ संघराज्याच्या बाजूने बंडाला उभा राहिला!

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे सगळे अमेरिकन होते का? नाही. ५९ सह्यांमध्ये टेक्सासच्या मातीत जन्मलेले फक्त दोघे, होसे आंतोनिओ नावार्रो आणि होसे फ्रान्सिस्को रुइस, दोघेही सॅन अँटोनिओचे तेहानो. सही करणाऱ्यांतलाच, हंगामी सरकारचा उपाध्यक्ष लोरेन्सो दे सावाला युकातानचा होता.

सांता आनाने अलामो घेतलं तेव्हा आत कुणीच वाचलं नाही, हेही खरं नाही. सुझाना डिकिन्सन आणि तिच्यासारख्या काही स्त्रिया व मुलं वाचली. वाचला तो जोही. हा अलामोचा सेनाधिकारी विल्यम ट्रॅव्हिस याचा काळा गुलाम.

त्याच्याजवळ आल्यावर शेवटच्या गैरसमजाकडे यावं लागतं: हा लढा सर्वांच्या स्वातंत्र्याचा होता. मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केल्याचं जाहीर केलं होतं आणि टेक्सासपुरती सूट दिली होती. ती सूट टिकेल याची तिथल्या मळेवाल्यांना खात्री नव्हती. १८३६च्या टेक्सास प्रजासत्ताकाच्या घटनेने गुलामगिरी कायम केली आणि काँग्रेसच्या परवानगीशिवाय कोणाही स्वतंत्र काळ्या माणसाला तिथे राहायला मनाई केली. अलामोत काय घडलं याची हकीकत जोने नव्या सरकारपुढे सांगितली. ती ऐकून घेतली गेली आणि त्याला ट्रॅव्हिसच्या मालमत्तेत परत जमा करण्यात आलं. सान हासिंतोच्या निर्णायक विजयाला २१ एप्रिल १८३७ रोजी वर्ष पूर्ण झालं, त्याच दिवशी जो पळाला. त्याला पकडून देणाऱ्यासाठी इनामाची जाहिरात वर्तमानपत्रात छापून आली.