पाणकणसातला तापस

धानाची रोवणी आटोपली की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बांध्यांतून एखादा विटकरी रंगाचा पक्षी अगदी पायांजवळून उठतो. पाय लोंबते ठेवून दोन-तीन धुरे ओलांडतो आणि पुन्हा धानात उतरतो. उतरला तिथे जाऊन शोधा, हाती काही लागत नाही. हा तांबूस तापस. कूळ बगळ्याचेच, पण उघड्यावर येणे त्याच्या स्वभावात नाही. पिवळा तापस आणि काळा तापस हे त्याचे भाऊबंद तर त्याहून क्वचित नजरेस पडतात.

धोक्याची चाहूल लागली की तापस चोच थेट आभाळाकडे रोखतो, मान ताणतो आणि पिसे अंगाशी घट्ट आवळतो. गळ्यावरच्या उभ्या रेघा पाणकणसाच्या पात्यांत विरून जातात. वाऱ्याने पाती डुलली की तोही डुलतो. मला सर्वांत नवल वाटते ते त्याच्या डोळ्यांचे. ते चेहऱ्यावर इतके खाली असतात की चोच वर असतानाही तिच्या खालून तो दोन्ही डोळ्यांनी समोर बघू शकतो. आपल्याला तो दिसत नसतो, पण त्याची नजर आपल्यावरच असते. घरट्यातली पिल्लेही अशीच ताठ होतात.

या पक्ष्याला खोल, मोकळे पाणी नको. त्याला हवा काठ. उथळ पाणी, दाट पाणकणीस, बेडूक, मासोळ्या, किडे. पूर्व विदर्भात असे काठ मालगुजारी तलावांनी आणि बोड्यांनी, म्हणजे छोट्या तळ्यांनी, दिले. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने धानासाठी हे तलाव बांधले. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘मामा तलाव’ (माजी मालगुजारी तलाव) झाले. पुढे अनेकांत गाळ साचला, काठांवर बेशरमाची झुडपे माजली.

हा गाळ निघालाच पाहिजे. धानाचे पाणी आणि धिवरांची मासेमारी त्यावरच आहे. पण पोकलेन उतरले की बेशरमासोबत पाणकणीसही पाळीपर्यंत खरवडून निघते. तापसाची वीण पावसाळ्यातली, घरटे याच गवतात पाण्यावर जेमतेम हातभर उंचीचे. उन्हाळ्यात साफ झालेल्या काठावर जूनमध्ये त्याने घरटे कशात बांधावे? म्हणून तलावाचा मधला भाग खोल करावा, बेशरम मुळासकट उपटावा आणि निदान एका बाजूची पाणकणसाची पट्टी राखावी. ती विरळ करायचीच असेल तर पिल्ले उडून गेल्यावर, दिवाळीनंतर करावी.